अर्धा भरलेला ट्रे

अर्लिस ट्वेट यांना स्वतःच्या घरात एकट्यानं राहता येईल की नाही, हे मार्चमधल्या एका सकाळी कुकीजवरून ठरणार होतं.

डिसेंबरात त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. महिनाभर इस्पितळ, मग पुनर्वसन केंद्र. चालायला लागल्या, बोलणं तर कधी थांबलंच नव्हतं. पण घरी सोडण्याआधी केंद्राची माणसं एक चाचणी घेतात. पेशंटच्याच स्वयंपाकघरात, पेशंटच्या सवयीचा एखादा पदार्थ करायला लावतात आणि नुसतं बघत बसतात. कुणी मदत करायची नाही, सुचवायचंही नाही.

चाचणी घ्यायला कॅरिसा नावाची तरुण थेरपिस्ट आली होती. अर्लिसबाईंचा मुलगा डुएन गायींचा गोठा सोडून आला होता, टेबलाशी बसला होता, टोपी गुडघ्यावर घेऊन. मी समोरच्या घरात राहते, धान्याच्या गोदामातले वजनकाटे तपासण्याचं काम करते. डुएनच्या सांगण्यावरून मी आदल्या दिवशी त्यांच्या शेगडीला आपोआप बंद होणारं बटण बसवलं होतं. ते चालतंय ना एवढं बघायला थांबले होते.

"अंडं उकडलंत तरी चालेल, ट्वेटबाई," कॅरिसा म्हणाली.

"अंडं उकडलं की स्वयंपाक झाला, असं मानतात का तुमच्या इस्पितळात? तरीच तिथलं जेवण तसं होतं."

"मग काय कराल?"

"ओट्सच्या कुकीज. चॉकलेट घालून. तू सडपातळ आहेस, तुला चालतील."

आमच्या गावात हे वाक्य ऐकलं नाही असं माणूस सापडणार नाही. अर्लिसबाई पंचवीसएक वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. डुएन, डुएनची मुलं, मी, सगळे त्यांच्या हातचं जेवून वाढलो. गावात कुणी गेलं, की शववाहिनी गाव सोडायच्या आत त्यांचा ओव्हन तापलेला असे. आइस्क्रीमची रिकामी बादली कुकीजनी भरून त्या दारात ठेवत, आणि आत न येताच निघून जात. ऑर्विल, त्यांचे यजमान, गेले तेव्हाही त्यांनी कुकीज केल्या. भेटायला येणाऱ्यांना खायला काय द्यायचं, म्हणाल्या.

त्यांनी बटर आणि दोन्ही साखरा भांड्यात घेतल्या. भांडं हलू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. लाकडी चमचा उजव्या हातात. डावा हात चांगला हलत होता, पण तो त्यांचा आहे याची कुणीतरी त्यांना आठवण करून द्यायला हवी तसा नुसता ओट्यावर पडलेला असायचा. अंडी, व्हॅनिला, मैदा. काहीच मोजलं नाही. मग त्या थांबल्या.

"डुएन, सोडा कुठे टाकलास?"

डुएननं तोंड उघडलं. कॅरिसानं त्याच्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली. सोड्याचा डबा अर्लिसबाईंच्या डाव्या कोपरापाशी होता, हातभर अंतरावरही नाही.

"माझ्या ओट्यावर वस्तू हलवायच्या नाहीत, हजारदा सांगितलंय. बायकोचा गुण लागलाय तुला."

"आई, बघ ना नीट."

"बघतेच आहे."

मग त्यांनी एक गोष्ट केली, ती बघून माझा जीव भांड्यात पडला. त्या उजवीकडे वळायला लागल्या. पूर्ण वळल्या, फ्रीजकडे, दाराकडे, टेबलाकडे, आमच्याकडे, असं करत जागच्या जागी गोल फिरून पुन्हा ओट्याशी आल्या, तेव्हा डबा त्यांच्या उजव्या नजरेत आला. "हा काय," म्हणाल्या, जणू काही झालंच नाही. कॅरिसानं हसून काहीतरी लिहून घेतलं. डुएननं माझ्याकडे बघितलं. जमणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

ओट्स घातले, शेवटी चॉकलेटचे दाणे. पीठ घट्ट, चकाकतं, अगदी हवं तसं. ट्रे पुढ्यात ओढला आणि चमच्यानं गोळे सोडायला लागल्या. हात भराभर चालत होता. उजव्या कडेपासून सुरुवात, एक ओळ, दुसरी ओळ, आणि ट्रेच्या मधोमध येऊन हात थांबला. मग त्यांनी उरलेले गोळे तिथल्याच गोळ्यांच्या मधल्या फटींत बसवले. डावा अर्धा ट्रे कोरा, चकचकीत.



"ट्रे भरला, ट्वेटबाई?" कॅरिसानं हळूच विचारलं.

"भरला. अजून कुठे ठेवू, तुझ्या मांडीवर?"

डुएननं टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

डोळ्यांत दोष नव्हता. डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं होतं, त्यानं मला. डोळे डावीकडचं बघतात, पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरलेला असतो. उणीव असेल तर जाणवेल. इथं काही उणं आहे, हेच त्यांना जाणवत नाही. इस्पितळात ताटातलं अर्धं जेवण टाकून त्या वाढणाऱ्यांना कंजूष म्हणत, तेव्हा आम्ही हसलो होतो.

कुकीज झाल्याचा वास आला. अर्लिसबाईंनी उजव्या हातात जाड मोजा चढवला, दार उघडलं, ट्रे ओढला आणि तोल सावरायला डावा हात पुढे गेला, उघडा. तो ओव्हनच्या जाळीवर टेकला आणि तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. कॅरिसा खुर्ची पाडून धावली.

"अगं, काय झालं? पाडशील मला!"

कॅरिसानं ट्रे टेबलावर ठेवला, हात नळाखाली धरला. चाचणी संपली होती, पण तिनं अजून एक केलं. ते नियमात होतं की नाही कोण जाणे. तिनं अर्लिसबाईंना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यासमोर तो ट्रे उलटा फिरवला, कोरी बाजू त्यांच्या उजवीकडे येईल असा.

अर्लिसबाईंनी बघितलं. मग डुएनकडे बघून हसल्या.

"खाल्ल्यास ना? इतक्या गरम? मोठा झालास तरी हावरा तो हावराच."

"नाही आई."

"मग हिनं?"

त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"फिरव परत," त्या म्हणाल्या.

कॅरिसानं फिरवला. ट्रे भरलेला.

"फिरव."

रिकामा.

असं तीनचारदा झालं. शेवटी त्यांनीच हात वर करून थांबवलं. "म्हणजे मी ठेवल्याच नाहीत तिथे."

"नाही, ट्वेटबाई."

"आणि अजून काय काय आहे त्या बाजूला?"

कॅरिसानं त्यांचा डावा हात उचलून त्यांच्या उजव्या बाजूला आणला. तळव्यावर लाल पट्टा उठला होता, फोड यायला लागले होते. त्यांनी तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा उलटसुलट बघितला.

"हे कधी झालं?"

"आत्ताच."

"आई, मी येऊन राहतो इथे," डुएन एकदम म्हणाला. "रात्रीचा तरी."

"आणि दिवसा? गायींना घेऊन येणार? गप्प बस." त्यांनी ट्रे कॅरिसाकडे सरकवला. "खा. मी नापास झाले, कुकीज नाही झाल्या."

कॅरिसानं एक घेतली. रडत रडत खाल्ली.

मग डुएनला म्हणाल्या, "वृद्धाश्रमात खोली घेशील ती बघून घे. दार पलंगाच्या उजवीकडे पाहिजे. कोण आलं ते मला कळायला पाहिजे."

मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात एकच खोली रिकामी होती. दार डावीकडे. डुएननं आणि मी पलंग उलटा फिरवला, उशी पायाकडे नेली. संध्याकाळी नर्सनं तो पूर्ववत केला, कारण नर्सला बोलावायच्या बटणाची तार भिंतीतून येते आणि उलट्या बाजूला पोचत नाही. तार लांबवून देते म्हटलं, वजनकाट्यांच्या तारा मी रोजच जोडते. तिथल्या मॅनेजरनं परवानगी दिली नाही. मग आम्ही दारावर कागद लावला, पलंगाला वळसा घालून उजवीकडे या म्हणून. काही लोक वाचतात. नवा पाद्री दारातूनच प्रार्थना म्हणून जातो.

डुएन रोज गोठ्याचं काम उरकून जातो, तोवर बहुतेकदा त्या झोपलेल्या असतात. गेल्या गुरुवारी मी आधीच पोचले होते, उजवीकडच्या खुर्चीत बसले होते. बर्फ वितळून सगळीकडे चिखल होता. डुएन दारात, त्यांच्या डावीकडे, आला आणि बूट काढायला खाली वाकला. त्या माझा हात धरून बोलत होत्या.

"तू तरी येतेस गं," म्हणाल्या. "डुएननं तर पाठच फिरवली. इथे आणून टाकलं ते टाकलंच."

मी त्याच्याकडे बघितलं. एक बूट हातात धरून तो तसाच वाकलेला होता.