गुरमेल तांडेल

आधीच सांगून टाकते, हे गूढ अनुभवांचं सदर मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. कुणाच्या स्वप्नात आजोबा येतात, कुणाला रिकाम्या घरात पैंजण ऐकू येतात... मी ह्यांना वाचून दाखवायची आणि म्हणायची, "अहो, या लोकांना पित्ताची गोळी द्या कुणीतरी." आम्ही मिरजेचे. माझे वडील विज्ञानाचे शिक्षक. घरात कधी लिंबू-मिरची टांगली नाही की दृष्ट काढली नाही. त्यामुळे आता मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

माझे मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत. दर तीन-चार वर्षांनी बदली. चंदीगडला आलो तेव्हा आमची सानिका आठ वर्षांची होती. सानूला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची हिंदीतच. मी म्हणायची, "जेवायला ये गं," ती म्हणायची, "आ रही हूँ ना यार आई." आईला यार! मिरजेत असती तर आजीने कान उपटला असता. मराठी निदान कानावर तरी पडावं म्हणून मी तिला रोज वाचून दाखवायची.

माझ्या लहानपणची एक पुस्तकांची मालिका होती, "दीपबेटावरची मंजी". फार कुणाला माहीत नसेल. मंजी दहा वर्षांची, तिचे बाबा बेटावरच्या दीपगृहाचे राखणदार. सहा भाग निघाले. सहाव्याच्या शेवटी बाबा तुफानात होडी घेऊन कुणाला तरी वाचवायला जातात, मंजी धक्क्यावर उभी राहते, आणि पुस्तक संपतं. सातवा भाग आलाच नाही, प्रकाशन बंद पडलं म्हणे. सानूला हे अजिबात मंजूर नव्हतं. "ऐसे कैसे खतम? फिर क्या हुआ?" मी म्हटलं, बाई गं, मला काय माहीत.

सानू अकराची असताना आजारी पडली. रक्ताचा आजार होता. नाव नाही लिहीत, लिहवत नाही अजून. सेक्टर ३२ च्या सरकारी हॉस्पिटलात आम्ही पाच महिने आत-बाहेर केलं. डॉक्टर, सिस्टर, सगळ्यांनी जीव तोडून केलं तिच्यासाठी. मी दिवसभर तिच्याजवळ, हे ऑफिस सुटलं की यायचे. दुपारी तीननंतर वॉर्ड जरा शांत व्हायचा, तेव्हा तिने हट्ट धरला की मंजीची पुढची गोष्ट सांग. नसलेली गोष्ट! मी सुरू केली. मला काय लिहिता-बिहिता येत नाही, पण पोर ऐकत होती ना, मग सुचत गेलं.

त्यात एक गंमत झाली. मूळ पुस्तकात मंजीला मदत करणारा एक म्हातारा तांडेल आहे, होडीवाला. त्याचं नाव काही केल्या मला आठवेना. पुस्तकं वाचून झाल्यावर, पुढच्या बदलीत हलवायला नको म्हणून, खोकं नणंदेकडे ठेवलेलं. आता गोष्ट तर थांबवता येत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "तेवढ्यात गुरमेल आला." गुरमेल म्हणजे आमच्या क्वार्टरखाली रेहडी, म्हणजे हातगाडी, लावणारा भाजीवाला! कोकणातल्या बेटावर गुरमेल तांडेल! सानू इतकी हसली की शेजारच्या बेडवरच्या कांगड्याच्या बाई उठून बसल्या. मग गुरमेलच राहिला. मी नाव बदलायला गेले तर बाईसाहेब रागवायच्या. त्यांचं लक्ष बारीक. मंजी कुणाला उलट बोलली की लगेच, "मंजी ऐसा नहीं बोलेगी, आई."

सानूचे केस गेले, तेव्हा मी मंजीचेही कापले. जाळ्यात अडकले म्हणून गुरमेलने कोयत्याने कापून दिले, असं सांगितलं. सानू नुसती डोक्यावरून हात फिरवत राहिली.

आता माझी चूक सांगते. मंजी धक्क्यावर उभी, बाबांची होडी समुद्रात. रोज काहीतरी नवीन घडायचं, पण होडी येत नव्हती, कारण मी ती येऊ देत नव्हते. ही विज्ञानशिक्षकाची मुलगी मनात काय म्हणत होती माहितीये? गोष्ट संपली नाही तोवर पोरगी कुठे जात नाही. शेवट सांगायचा नाही, बस्स. सुरुवातीला ती रोज विचारायची, "आई, होडी कब आएगी? एंड बता ना." मी म्हणायची, उद्या. पुढे पुढे ती विचारेनाशी झाली. गोष्ट मध्यावर आली की झोपून जायची. मला वाटायचं, थकली बिचारी.

सानू एका मंगळवारी गेली. होडी तिकडेच राहिली. या गोष्टीला सहा वर्षं झाली.

सहा वर्षं मला एकच गोष्ट खात होती. पोरीने एवढं एकच मागितलं होतं माझ्याकडे, आणि मी माझ्या वेडगळपणापायी तिला ते दिलं नाही. ती वाट बघत गेली, माझ्यावर रुसून गेली, असंच धरून चालले होते मी. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. आमच्याकडे सानूचा विषयच निघायचा नाही. बदलीच्या ऑर्डरी आल्या, ह्यांनी अर्ज-विनंत्या करून थांबवल्या, तेही आपापसात न बोलता.

काही महिन्यांपूर्वी माझ्या पुण्याच्या भाचीने तिच्या मुलीसाठी मंजीची पुस्तकं मागितली. आमचा जुना संच द्यायला मन होईना, बाजारात आहेत का बघावं म्हणून मी फोनवर नाव टाकलं, तर एक भलतीच साइट उघडली. मंजीच्या गोष्टी, पण मूळ लेखकाच्या नव्हेत. भाचीने सांगितलं, "मावशी, ते फॅन फिक्शन. आवडत्या पुस्तकातली माणसं घेऊन लोक स्वतःच्या गोष्टी लिहितात." म्हटलं, झालं! दुसऱ्याच्या चुलीवर आपली भाकरी. आता शुद्धलेखनाचे धिंडवडे बघायला मिळणार. दोन ओळी वाचून बंद करायचं ठरवूनच बसले.

बंद झालं नाही. अहो, काय सुंदर लिहिलं होतं! "बेटकरीण" असं टोपणनाव, आणि एकेक वाक्य असं की मी कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले. "वारा पडला तेव्हा मंजीला पहिल्यांदा स्वतःच्या श्वासाचा आवाज आला, आणि तिला त्याची लाज वाटली." सहाव्या भागाच्या पुढची गोष्ट होती ती. मूळ पुस्तकाहूनही सरस, खोटं कशाला बोलू?

चौथ्या प्रकरणात तांडेल आला. त्याचं नाव गुरमेल.

मी फोन खाली ठेवला. परत उचलला. गुरमेलच! त्याचा बाप म्हणे पंजाबातून बोटीवर कामाला आला आणि इथलाच झाला, असा खुलासाही होता. मनाला समजावलं, योगायोग असेल, असतात जगात चमत्कारिक माणसं. मग सातव्या प्रकरणात मंजीचे केस जाळ्यात अडकले आणि गुरमेलने ते कोयत्याने कापले.

त्यानंतर मी रडत रडतच वाचलं. वॉर्डातल्या माझ्या सगळ्या दुपारी तिथे होत्या, माझ्याहून शंभरपट चांगल्या शब्दांत. आणि मी जिथे सोडली होती तिथेच, मंजी धक्क्यावर उभी असताना, गोष्ट थांबली होती.

खाली वाचकांच्या प्रतिक्रिया होत्या. त्यात बेटकरणीची उत्तरं. काही उत्तरं मात्र अधांतरीच. "थँक्यू गं, बदलते!" "हो, बरोबर, मंजी असं नाही बोलणार." वर प्रश्नच नाही, कुणाला उत्तर दिलंय तेच कळेना. मी लिहिलं, "गुरमेल हे नाव तुम्हाला कुठे मिळालं?" दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, "ते माझं नाही, एका वाचक मुलीने सुचवलं. तुम्ही कुठे असता?" मी चंदीगड लिहिलं. तर म्हणे, "अय्या, मीपण! सेक्टर ३४ ला क्लास लावलाय."

ऋतुजा तिचं नाव, मूळची उमरग्याची. वय वीस, चष्मा, पाठीवर तिच्याहून जड सॅक. तिच्या क्लासच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही सेक्टर ३४ मध्ये चहाच्या टपरीवर भेटलो. या शहरात ती वर्षभरापूर्वी आलेली. उमरग्याच्या वाचनालयात तिने मंजी वाचलेली. इथे पीजीत करमेना म्हणून लिहायला लागली.

"तिसऱ्या प्रकरणापासून एक मुलगी गेस्ट म्हणून, खातं न उघडता, कमेंट करायची, काकू. इंग्रजी अक्षरात हिंदी. आधी मला राग आला. म्हटलं, मराठी गोष्टीवर हिंदीत काय शिकवते? पण ती सांगायची ते इतकं भारी असायचं... गुरमेल तिचाच. केस कापायचं तिचंच. मी बक्कळ घेतलं तिच्याकडून."

"नाव काय तिचं?"

"कधी सांगितलंच नाही. मला दीदी म्हणायची."

"मग त्या कमेंट कुठायत?"

"तेच तर! एक दिवस बघते तर तिच्या सगळ्या गायब. मी हात लावला नाही हो, शप्पथ. साइटवाल्यांना मेल केली तर म्हणतात, तुमच्या गोष्टीवर अशा कमेंट आलेल्याच नाहीत. पण मी लिहिताना आधी वहीत टिपणं काढते ना, ती आहेत."

तिने सॅकमधून वही काढली. टपोरं अक्षर, ज्या त्या प्रकरणाखाली त्या मुलीच्या सूचना उतरवलेल्या. मी पानं उलटत गेले. शेवटच्या पानावर ऋतुजाने वर लिहिलं होतं, "विचारलं – शेवट काय करू?" आणि त्याखाली त्या मुलीचं उत्तर, जसंच्या तसं:

"एंड मत लिखना दीदी. एंड आई को नहीं आता. मैं पूछती थी तो वो बाहर जाके रोती थी. फिर मैंने पूछना छोड़ दिया. झूठमूठ सो जाती थी, ताकि उसको बताना न पड़े."

टपरीवर काय झालं ते मला नीट आठवत नाही. ऋतुजा घाबरून "काकू, काकू" करत होती आणि टपरीवाले सरदारजी पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. मी रडायला बाहेर जायची ते जिन्यात. तोंडात पदर कोंबून. मला वाटायचं, जगात कुणाला म्हणून पत्ता नाही. आणि अकरा वर्षांची माझी पोर डोळे मिटून पडून राहायची, माझ्यासाठी! आजारी ती, आणि सांभाळत होती मला. माझ्यावर रुसली नव्हती हे कळलं, पण त्याने रडू कमी झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही झालं.

त्या रविवारी मी ह्यांना सगळं सांगितलं आणि फोन हातात दिला. ह्यांनी गोष्ट पहिल्यांदाच वाचली. वॉर्डात ती चालायची तेव्हा हे ऑफिसात असायचे, त्यामुळे गोष्टीतला गुरमेलही ह्यांना ठाऊक नव्हता. दुपारभर वाचत होते. वहीच्या पानाचा फोटो मी शेवटी दाखवला. तो वाचून ह्यांनी चष्मा काढला.

"एकदा तू डबा धुवायला गेली होतीस," ते म्हणाले. "सानू मला म्हणाली, बाबा, आई से एंड मत पूछना कभी, उसको नहीं आता, रोती है. मी म्हटलं, नाही विचारणार. म्हणाली, पक्का? मी पक्का म्हटलं."

"आणि तुम्ही हे सहा वर्षं..."

"कसला एंड ते मला कुठे माहीत होतं? आणि वचन दिलं होतं तिला."

मी सरळच विचारलं, "अहो, खरं सांगा, त्या कमेंट तुम्ही नाही ना लिहिल्यात?" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं. आणि लिहिणार कुठून? गुरमेल, केस, झोपेचं सोंग, ह्यातलं काहीच ह्यांना माहीत नव्हतं. सानूने वॉर्डात कुणाला गोष्ट सांगितली असेल का, याचाही विचार करून झाला. कांगड्याच्या बाईंना मराठी येत नव्हतं, आणि झोपेचं सोंग पोर कुणाला कशाला सांगेल? ऋतुजा तर तेव्हा उमरग्याला शाळेत होती. मी सगळ्या बाजूंनी उलटसुलट करून पाहिलंय. आता मी उत्तर शोधायचं सोडलंय. गोष्ट साइटवर आहे तशीच अर्धी आहे. वाचक पुढचा भाग मागतात, ऋतुजा काही लिहीत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी दोघांसाठी चहा केला. मग ह्यांनी विचारलं, "शेवट काय होता गं?"

"नव्हताच हो," मी म्हटलं. "मला खरंच येत नव्हता."