डॉटबाईंची नॉर्वेची आजी

डॉटबाईंना कुणाचाही उच्चार चुकलेला चालत नसे. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. बोलणं स्वच्छ असलंच पाहिजे हा तिथला नियम त्यांनी निवृत्तीनंतर घरी चालू ठेवला होता. लीड्समधल्या त्यांच्या घरात वरची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "विंडो उघडू का?" त्यांनी मला हात वर करून थांबवलं. "ओठ गोल कर, लव्ह. मेणबत्ती विझवतेस तसे. हा व्ही नाही, डब्ल्यू आहे." आम्हा नागपूरकरांना दोन्हींसाठी एकच 'व' पुरतो. मी तीनदा ओठ गोल केले, तेव्हा कुठे खिडकी उघडायला मिळाली.

नाव डोरोथी, पण गल्लीत पोस्टमनपासून सगळे त्यांना डॉट म्हणत. ऐंशीच्या घरातल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं मला जमेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना डॉटबाई केलं. आपल्या घराण्याचा त्यांना फार अभिमान. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या यॉर्कशायरचे. बाहेरचं कुणी नाही," असं त्या, आमच्या दुधात पाणी नसतं अशा सुरात सांगत. त्यात कुणाबद्दल आकस नसायचा. माझ्या व्हिसाचं पत्र आलं की गुडघे धरून जिना चढून त्या ते स्वतः वर आणून देत आणि मी ते उघडेपर्यंत दारात उभ्या राहत.

त्यांची थोरली बहीण वारली आणि तिच्या घरातून टोपी ठेवायचं एक गोल खोकं आमच्याकडे आलं. त्याला बांधलेली दोरी इतकी जुनी होती की गाठ सुटेना, कापावी लागली. आत पत्रांचा एक गठ्ठा होता, प्रार्थनेचं एक जाड पुस्तक होतं आणि चांदीची एक ब्रूच होती. तिला नखाएवढ्या गोल चकत्या लटकत होत्या, हलवली की किणकिणायची. शिवाय एक फोटो. त्यात एक तरुण मुलगी तीच ब्रूच लावून लाकडी घरासमोर उभी होती.

"ही माझी ग्रॅन," डॉटबाई म्हणाल्या. "आईची आई. मूळची हलची."

मी फोटो उजेडात धरला. घराच्या छपरावर गवत वाढलं होतं. थोडंथोडकं नाही, हातभर. मागे सरळसोट डोंगर आणि खाली पाणी. हल म्हणजे यॉर्कशायरच्याच किनाऱ्यावरचं बंदर, तिथे मी दोनदा कामासाठी गेले होते. डोंगर सोडा, टेकडीही धड दिसत नाही.

"डॉट, हे हल नाही," मी म्हटलं.

त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, एक ओळ वाचायचा प्रयत्न केला आणि मिटून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना छापलेल्या शब्दाचा उच्चार करता आला नसावा.

माझ्या ऑफिसात मारिट नावाची नॉर्वेची मुलगी होती. पुस्तकातलं तिरकी रेघ मारलेलं 'ओ' तिच्या आडनावातही होतं, म्हणून तिला मी एका पत्राच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. पुढचे तीन रविवार ती आमच्या स्वयंपाकघरात बसून ते जुनं, वळणदार अक्षर लावत होती. बहुतेक पत्रं ग्रॅनच्या बहिणीने गावाहून लिहिलेली होती, आणि त्यांतून हकिगत उलगडत गेली. ग्रॅन आणि तिचा भाऊ अमेरिकेला निघाले होते. बोटीने हल, तिथून ट्रेनने लिव्हरपूल, मग मोठी बोट. वाटेत भावाला ताप भरला, म्हणून दोघं लीड्सला उतरली. भाऊ आठवड्याभरात वारला. ती मुलगी इथेच एका लाँड्रीत कामाला लागली आणि रेल्वेतल्या एका हमालाशी तिने लग्न केलं. पहिल्या महायुद्धात तिचं बोलणं ऐकून कुणीतरी तिला जर्मन ठरवलं आणि घराच्या काचा फोडल्या. तेव्हापासून ती स्वतःला हलची म्हणवू लागली, आणि शक्यतो गप्प राहू लागली.

"आम्हाला वाटायचं, ती जरा मंद आहे," डॉटबाई टेबलाकडे बघत म्हणाल्या. "कमी बोलायची. जे बोलायची तेही वेडंवाकडं. मी पाच-सहा वर्षांची असेन. तिच्यामागे फिरून मी तिची नक्कल करायची. व्हॉटर, व्हिंडो, व्हिंटर. अख्खं घर हसायचं."

तिसऱ्या रविवारी गठ्ठ्याच्या तळाशी एक पाकीट निघालं. त्यावर तिकीट नव्हतं. हे पत्र ग्रॅनने स्वतः लिहिलं होतं आणि टाकलंच नव्हतं. का, ते कळायला मार्ग नाही. मारिट अडखळत वाचत होती आणि वाचता वाचता इंग्रजीत सांगत होती. सुरुवातीला हवापाणी, मग बटाट्यांचं. नंतर ती थांबली आणि डॉटबाईंकडे बघून सावकाश म्हणाली:

"'माझी धाकटी नात माझ्यामागे फिरून माझ्यासारखं बोलते. तिची आई तिला रागावते. मी रागवत नाही. या घरात आपल्याकडच्यासारखं बोलणारी ती एकटीच आहे.'"

डॉटबाई उठल्या, त्यांनी किटली भरायला घेतली. किटली भरून वाहायला लागली तरी नळ चालूच होता. मग तो बंद करून त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पुन्हा वाच, लव्ह. इंग्रजी नको. तिचेच शब्द."

मारिटने वाचलं. डॉटबाई एकेक शब्द तिच्यामागून म्हणू लागल्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मारिटचा चेहरा बदलला. "हे तुम्ही माझ्यासारखं म्हणत नाही आहात," ती म्हणाली. "हे तुमच्या ग्रॅनच्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांसारखं आहे."

पुढे मला साउथहॅम्प्टनला नोकरी मिळाली आणि मी ती खोली सोडली. त्या उन्हाळ्यात मारिट डॉटबाईंना ग्रॅनच्या गावी घेऊन गेली. मला जाता आलं नाही. माझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीत अडकला होता. परत आल्यावर त्यांनी फोन केला. पुढच्या फेब्रुवारीत त्या झोपेतच गेल्या, त्यामुळे सविस्तर बोलणं झालं ते तेवढंच.

फोटोतलं घर अजून उभं होतं म्हणे. आता त्यात ट्रॅक्टर ठेवतात. मारिट गाडी लावायला गेली असताना आतून एक म्हातारा बाहेर आला, ग्रॅनच्या बहिणीचा नातू. त्याला इंग्रजी येत नव्हतं. डॉटबाईंना त्याच्या भाषेतलं एकच वाक्य पाठ होतं, ग्रॅनच्या पत्रातलं पहिलं. इकडे आज छान ऊन पडलं आहे. ते त्यांनी धो धो पावसात त्याला म्हणून दाखवलं. म्हातारा आधी हसला, मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि एकदम भडाभडा बोलायला लागला. ही गावातलीच कुणीतरी, अशा समजुतीने.

"किती वेळ?" मी विचारलं.

"चांगली दहा मिनिटं. माझा हात धरून."

"तुम्हाला काही कळलं?"

"एक शब्दही नाही, लव्ह," डॉटबाई म्हणाल्या. "पण मी त्याला थांबवलं नाही."