जास्वंद छाटू देईना, बोगनवेल लावू देईना

आधी एक दुरुस्ती. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, "घरासमोर बोगनवेलीचं कुंपण करायचं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं." तसं काही झालेलं नाही. ठरवलं मी एकटीनं... आईला ते कळलं नांदेडच्या मावशीनं पोस्ट वाचून फोन केल्यावर.

पोस्ट मी काढून टाकलेली नाही. चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं, हे वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, लावलेलं वळण. शाळेआधी त्यांनीच मला शिकवलं, भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यामुळे चुकीचं काही लिहिलं गेलं की मला जेवण गोड लागत नाही...

तर आम्ही लातुरात राहतो. मागच्या खोल्यांत क्लासेसच्या मुली भाड्यानं असतात. आणि घराला कंपाउंड वॉल नाही. मुलीला ठेवायला आलेले पालक आधी तेच बघतात.

भिंत नाही, कारण अण्णा बांधू देत नाहीत. किल्लारीजवळच्या आमच्या गावात त्या पहाटे त्यांची धाकटी बहीण भिंतीखाली गेली. याच्यापुढचं आमच्या घरात कुणी बोलत नाही. अण्णा अजूनही पाऊस नसला की अंगणात बाज टाकून झोपतात.

यंदा दोन खोल्या रिकाम्या राहिल्या आणि आईनं गवंड्याला बोलावलं. अण्णा एवढंच म्हणाले, "बांधा की. मी गावाकडं जातो." ते चिडून बोलले असते तर मी घाबरले नसते... त्यांनी पिशवीत कपडे भरले होते.

म्हणून हे झाडांचं खूळ. भिंतीसारखं दाट कुंपण झालं तर आईचंही भागेल आणि अण्णाही राहतील, एवढा साधा हिशोब.

आता म्हणाल, कुंपणाला जास्वंद आहे ना? आहे. पुढं सगळी रांग गावठी लाल जास्वंदीचीच आहे. पण जास्वंद दाट व्हायची तर छाटावी लागते, आणि आमच्याकडं ती छाटता येत नाही. आईचं एकच, "कळ्या आल्यात अन् कातरी लावतीस? देवाचं झाड हाय ते." आणि जास्वंदीला कळ्या नसतात कधी? बाराही महिने असतात! मग ती वाढली उंचच उंच. फुलं वर, खाली नुसत्या काड्या. त्यातून पहाटे फिरायला निघालेली मंडळी हात घालून आपापल्या देवांची सोय करतात...

मागच्या पोस्टखाली पुष्कळ जणांनी लिहिलं की पिवळी लाव, पांढरी लाव, मोठ्या फुलांची हायब्रीड लाव. मंडळी, आईला रंग कुठलाही चालतो. जास्वंद म्हटली की ती देवाची!

मग माझ्या डोक्यात आलं, देवाला चालत नाही असंच झाड हवं. कण्हेर बाद, ती देवालाही चालते आणि वर विषारी. राहिली बोगनवेल. पाणी कमी लागतं, काटे आहेत, कितीही छाटा. नर्सरीत चार चकरा मारल्या. पांढरी दिसते सुंदर पण वाढायला आळशी. दुहेरी फुलांची वाळली की गुच्छ तसेच लटकत राहतात. दोन रंगांची नाजूक. शेवटी साधी, राणी रंगाची ठरवली.

तर मावशीचा फोन! "काटेरी झाड दारात? घरात भांडणं लागतात गं!"

मावशी, झाड अजून नर्सरीत आहे... भांडणं आमच्याकडं आधीच पोचली आहेत.

आणि आई? छाटायचं नाही, काटे नकोत, भिंत बांधा. तिन्ही गोष्टी एका दमात. मी हात टेकले.

परवा रविवारी नायगावचे एक पालक आले. स्वतःची मुलगी आणि भावाची मुलगी, दोन्ही खोल्या भरणार होत्या. खोल्या पसंत पडल्या. मग ते कुंपणापाशी उभे राहिले.

"खालून कुत्रं जातंय, वर फुलं हायत. मधी काय हाय, ताई?"

मी बोगनवेलीचं सगळं पाठ केलेलं सांगायला लागले. त्यांनी मधेच हात केला. "ते झाडाचं राहू द्या. पोरी ठेवायलोत आम्ही. भिंत का न्हाई बांधली, ते सांगा."

अण्णा बाजेवर पेपर वाचत होते. पेपर हलला नाही. आता हे सगळं परक्या माणसाला सांगायचं?

आणि दारातून आई म्हणाली, "आमच्यात भिंत बांधत न्हाईत."

आमच्यात! जसं काही सात पिढ्यांचा कुळाचार. जिनं गवंड्याला बोलावलं होतं, ती हे सांगत होती.

पाहुण्यांनी पुढं एक प्रश्न विचारला नाही. "आसं हाय का... मग आसू द्या. आमच्यात बी दारात शेवगा लावत न्हाईत. का, ते कुणालाच ठाव न्हाई." मग म्हणाले, "कुंपण तेवढं गच्च करा. पोरींना घेऊन येतो तवा मला पलीकडचं दिसलं न्हाई पायजे."

पेपराआडून अण्णा म्हणाले, "पाहुण्यांना चहा टाका."

पाहुणे गेल्यावर आई माझ्याकडं न बघता बोलली. जास्वंद गुडघ्याएवढी ठेवायची. बोगनवेल बाहेरच्या अंगानं, दारापासून लांब. मंगळवारी कातरी लावायची नाही, शुक्रवारी तर मुळीच नाही.

महिनाभर मी काटे, पाणी, जाती समजावत बसले होते. आई, तुझ्या त्या एका शब्दासाठी मनापासून आभार... तू ही पोस्ट वाचणार नाहीस, पण मावशी फोन करेलच.

येत्या बुधवारी सकाळी, आईची पूजेची फुलं तोडून झाली की, मी कातरी लावणार आहे.