अक्काच्या केसांतलं तेल

मी अक्काच्या डोक्यावर तिळाचं तेल थापत होते आणि ती मान आत ओढून घेत होती. "हळू गे अंबा, नारळ फोडतेस का?" म्हणाली. शुक्रवार, म्हणजे बायकांचं तेल लावून न्हाणं ठरलेलं. संध्याकाळी मद्रासची गाडी होती.

अक्का म्हणजे चंद्रमती, माझी थोरली बहीण. तंजावरातल्या एका शाळेत पहिलीला शिकवायची. मी आठवीतच शाळा सोडली, पुस्तक उघडलं की माझे पाय शिवशिवतात. अक्का वेगळी. वर्गातल्या चाळीस पोरांची नावं, बापांच्या नावासकट तोंडपाठ.

मग तिला ते व्हायला लागलं. फळ्यावर लिहिता लिहिता थांबायची. डोळे उघडे, पण ती तिथे नाहीच. हळूहळू पोरांची नावं जायला लागली. झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी जास्तच. पोरं हसायची. एकाला मी शाळेबाहेर धरून बदडलं, त्याचं मला अजून काही वाटत नाही. मुख्य बाई विशालाक्षी टीचर, त्यांनी सांगून टाकलं, पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या आत बरी असल्याचा डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर नोकरी सोडा. हे त्रेसष्ट साल.

इथल्या डॉक्टरांनी मद्रासच्या मोठ्या दवाखान्याला लिहिलं. तिथे एक मशीन होतं. डोक्याला तारा चिकटवून झोपवतात, आतल्या लाटा कागदावर उमटतात, मग औषध कुठलं ते कळतं. डिसेंबरातली तारीख मिळाली.

शिकेकाईने न्हाऊन झाल्यावर मी पुन्हा खोबरेल चोपडलं, घट्ट वेणी घातली, अबोली माळली. सुक्या केसांनी बाई प्रवासाला निघाली की आमच्याकडे लोक विचारतात, कोण गेलं? अक्का आरशात बघून हसली.

मद्रासला तारा चिकटेचनात. तिथला माणूस कापसाने पुसून पुसून दमला, तरी कागदावर नुसत्या रेघोट्या. तो वैतागला, एवढं तेल लावून कोण येतं म्हणाला. मी भांडले, इथेच नळाखाली धुते म्हटलं. त्याने बाहेरची रांग दाखवली आणि मार्चची तारीख दिली.

गाडीत अक्का म्हणाली, "तुझी चूक नाही गे."

मी म्हटलं, माझीच आहे.

पोंगल झाला, नोकरी गेली. मार्चात मी तिला ओढून न्यायला निघाले तर ती हलेना. "आता कागद कोणाला दाखवू?" एवढंच बोलली. पुढे घरातल्यांची नावंही जायला लागली. माझं सगळ्यात शेवटी गेलं.

तीन वर्षांनी शाळेने जुनं कपाट रिकामं केलं, तेव्हा शिपायाने तिची वही आणून दिली. आत मद्रासच्या दवाखान्याचं पत्र होतं, शाळेच्या पत्त्यावर आलेलं. इंग्रजी. शेजारच्या शेषाद्री मामांनी वाचलं. केस स्वच्छ धुऊन, तेल न लावता यावे, असं होतं. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, आणि बाजूला तमिळमध्ये अक्काचं अक्षर. अंबाला सांगायचं.