लांब काठीचा तंबू

टेलर मास्तरांनी उभ्या जन्मात माप बोटभरही चुकवलं नव्हतं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्यांनी नजरेनेच त्याच्या खांद्याचं माप घेतलेलं असे. म्हणून तर त्यांनी घरी शिवलेला तंबू समुद्रकाठी पहिल्यांदा उभा राहिला आणि वरची आडवी काठी दारातून चांगली दीड हात बाहेर आली, तेव्हा घरच्यांची हसून हसून पुरेवाट झाली.

"मापात चुकलास की रे!" आजी म्हणजे मास्तरांची आई आतून ओरडली. "आणि ही मधोमध जाडजूड शिवण कसली? पाठीला टोचतेय."

"शिवण मजबुतीसाठी आहे, काठी कपडे वाळत घालायला," मास्तर गुरगुरले. त्यांच्या धाकट्या मुलाने तत्परतेने आपली ओली चड्डी काठीवर टांगली.

मास्तरांची बायको, जिला अख्खी गल्ली काकू म्हणे, हसत होती, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. नणंदेच्या गावाला जायचा रस्ता लांबचा. वाटेत मुक्काम हवाच होता, पण तो नेमका इथे करायचा हे तिने ठरवलं होतं. पलीकडच्याच बंदरात थोरली लेक क्रेन चालवत होती.

लेकीला मास्तरांनी हाताला धरून शिवण शिकवली होती. काज तर ती बापापेक्षा सुबक करायची. वर्षापूर्वी तिने कात्री खाली ठेवली आणि बंदरावरची नोकरी धरली. त्या दिवसापासून मास्तरांनी तिच्यापुढे जी मिठाची गुळणी धरली, ती आजतागायत. तंबूचं कापड कापतानाही बजावून सांगितलं होतं, "चौघांचा होणार. पाचवं कोणी नाही."

काकूने गुपचूप फोन केला तेव्हा लेक म्हणाली होती, "येईन गं. पण बाबा बोलले नाहीत, तर पुन्हा बोलावू नकोस, आई. मला नाही सोसवत."

ऊन कलायला लागलं तशी ती मोटारसायकलवरून आली. भाऊ धावत गेला, आजीने तिचे गाल ओढून लाल केले. मास्तर मात्र पक्की बसलेली खुंटी पुन्हा पुन्हा ठोकत राहिले. काकूला वाटलं, तो हातोडा काढून घ्यावा आणि याच माणसाला दोन हाणावेत.

लेकीने थोडा वेळ वाट पाहिली. मग हेल्मेट उचललं. "निघते मी. तंबू चौघांचाच आहे ना."

काकू तिला अडवायला पुढे झाली.

मास्तरांनी हातोडा टाकला. खिशातून ब्लेड काढून ते तंबूत शिरले, जाड शिवणीची गाठ कापली आणि दोरा ओढला. तो सरसर सुटत आला. दुमडून शिवलेली रुंद घडी मोकळी झाली. जमिनीची, भिंतींची, छताचीही. दाराकडच्या खुंट्या उपटून मास्तरांनी कापड ओढत पुढे नेलं. चड्डी वाळूत पडली. तंबूचं दार थेट काठीच्या टोकाला जाऊन भिडलं. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

लेकीने सुटलेला दोरा उचलून पाहिला. "कच्चा दोरा! बाबा, ही शिवण उसवायलाच घातली होतीत?"

"नाहीतर काय शोभेला?" मास्तर खेकसले. वर्षभरात तिच्याशी बोललेले पहिले शब्द, तेही असे.

"पण मी घरी नव्हते. माझं माप कुठून घेतलंत?"

"तुझं माप घ्यायला मला टेप लागते होय गं?"

एवढं म्हणून मास्तर वाळूत खुंटी शोधायला लागले. लेकीने हेल्मेट टाकून त्यांना मागूनच मिठी मारली. काकू हसत हसत रडत होती, आणि आपण रडतोय याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

"म्हणजे मघापासून माझ्या पाठीला टोचत होती ती ही कार्टी!" असं म्हणत आजी तंबूत एका बाजूला सरकून बसली आणि तिने नातीला आपल्या शेजारी जागा करून दिली.