जाळीवरची चादर

"जाळीवर चादर कुणी बांधली?" चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

आमचा ऑपरेटर मल्लिनाथ गॅसनं बेशुद्ध पडला होता, तेव्हा दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. उत्तर द्यायला मी होतो, प्लांटचा आर्किटेक्ट.

"ऑपरेटरनं," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

सोलापूरच्या सांडपाण्याचा हा प्लांट मी 'ग्रीन' म्हणून डिझाइन केला होता. सांडपाण्यातल्या चिंध्या-पिशव्या जिथं गजांवर अडकतात, ती स्क्रीन रूम. तिथं सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस सुटतो. एरवी एक्झॉस्ट फॅन लावतात. मी विटांची जाळी दिली. वारा आरपार, वीज शून्य. बाहेर शुद्ध केलेल्या पाण्याचं तळं. डास होणार हे दिसत होतं, म्हणून पहिल्या ड्रॉइंगमध्ये मच्छरजाळी होती. दर्शनी बाजू मळकट दिसते म्हणून मीच ती खोडली.

अपघाताच्या आठवडाभर आधी मी साइटवर गेलो, तर विटांच्या जाळीवर चादर.

"मल्लिनाथ, धुणं वाळत घातलंय का?"

"न्हाय ओ साहेब, डास लई हायत की. हापिसात चारदा सांगितलं. तुमाला काय, तुमी फोटू काढून जाता."

"वास कोंडत नाही?"

"पैल्यांदा लई यायचा. आता येतच न्हाय. भारी खोली बांधली बगा तुमी!"

मी ते कौतुक समजलो. हा गॅस वाढला की आधी नाकच बधिर करतो. वास थांबणं हीच धोक्याची खूण. हे मला माहीत होतं. तरी फोटोपुरती चादर काढायला लावली. मी निघायच्या आत त्यानं ती परत बांधली. मी पाहिलं आणि गाडीत बसलो.

रिपोर्टात 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असं आलं. खाली माझीही सही आहे. मल्लिनाथ वाचला, पण नोकरी गेली. त्याची बायको कुंभारीहून ऑफिसात आली.

"चादर तुमी बगितली हुती म्हंत्यात हे. खरं हाय का, साहेब?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

आठवते. लाल होती, किनारीला मोर.

पुढं फॅन बसला, मच्छरजाळीही बसली. खरं काय ते मी गेल्या महिन्यात लेखी कळवलं. "फाइल बंद झाली आहे," एवढंच उत्तर आलं.

ड्रॉइंगमध्ये उंची कळावी म्हणून आम्ही दाराशी एक माणूस काढतो. त्याला डास चावत नाहीत.