दहापैकी सहा

प्रियदर्शनी गायकवाडला शाळेत असताना "पेपर कसा गेला?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "बरा गेला, बाई." मग तिला पंच्याऐंशी गुण पडायचे. विश्रांतवाडीची ही मुलगी आज पंप बनवणाऱ्या एका डॅनिश कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात चौदा जणांच्या विभागाची प्रमुख आहे. परवा माझ्या घरी आली, तेव्हा ही खुर्ची कशी जाता जाता राहिली ते तिने सांगितलं.

दरवर्षी डेन्मार्कहून सगळ्यांना एक प्रश्न येतो: कामावर तुम्ही किती आनंदी आहात? दहापैकी गुण द्या. यंदा तिच्या विभागाची सरासरी आली सहा. तिकडच्या हिशेबाने सातच्या खाली म्हणजे विभाग आजारी, आणि आजाराचं कारण प्रमुख. तिच्या जागी दुसरं कुणी नेमावं का, यावर तिचं म्हणणं मागवणारं पत्र आलं. मुदत आठ दिवस.

तिने ऑफिसात जेवणाच्या टेबलावर सरळच विचारलं.

लोहगावचा साईनाथ खांदवे म्हणाला, "मॅडम, म्या सहा दिलं. सहा म्हंजी झकास हाय की. दहा दिलं आन् दृष्ट लागली तर?"

वयाने मोठी चैताली पटवर्धन डब्याचं झाकण लावत म्हणाली, "दहा कुणी देतं का? लग्नाला वीस वर्षं झाली, नवरासुद्धा साडेपाचच्या वर गेलेला नाही."

"म्हणजे तुम्ही वैतागलेले नाही?"

"वैतागलो असतो तर तुला पत्राची वाट बघावी लागली नसती."

एचआरच्या निकिताकडे उपाय तयार होता. "पुन्हा भरून घेऊ. सगळ्यांना नऊ टाकायला सांग, विषय संपला."

प्रियदर्शनी नाही म्हणाली. सांगून आणलेले नऊ तिच्या लेखी शून्यच.

संध्याकाळी खडकीवरून घरी जाताना तिला वडिलांची नोकरी आठवली. तिथल्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. घरी आले की साहेबापासून चहापर्यंत सगळ्याला नावं ठेवायचे. पण तिची बारावी होताच तिथल्याच शिकाऊ भरतीचा अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी तिने डेन्मार्कला लिहिलं: "आमच्याकडे आनंदाला लोक हात राखून गुण देतात. पण जागा चांगली असेल तर घरचं माणूस तिथे आणू बघतात. तेवढं विचारा." सोबत दोन वर्षांत तिच्याकडे आलेल्या अर्जांची यादी जोडली, नावं गाळून, नाती ठेवून. मेहुणा, भाची, धाकटा दीर. चौदांपैकी अकरा जणांनी घरचं कुणीतरी पाठवलं होतं. उरलेल्या तिघांकडे पाठवण्याजोगं कुणी नव्हतं. तेही तिने विचारून लिहिलं.

पत्र पाठवणाऱ्या तिकडच्या बाईंनी उलट विचारलं, "यांतले घेतले किती?"

"एकही नाही. नातेवाईक घ्यायचे नाहीत, असा आपला नियम आहे."

"हे त्यांना माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

खुर्ची राहिली. पुढच्या वर्षीपासून पुण्याच्या लोकांना हा दुसरा प्रश्नही विचारणार आहेत.

ती निघाली तेव्हा मी विचारलं, "आणि तू स्वतः किती दिले होतेस?"

"सहाच," चप्पल घालत ती म्हणाली. "पण नियम कधी बदललाच, तर माझ्या भावाचा, प्रज्ञेशचा अर्ज तयार आहे. वडिलांनीच भरलाय."